हप्ता, खोलीभाडे आणि डिस्चार्जचा दिवस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

आरोग्य विम्याविषयीचे प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केल्यावर जी पत्रे आली, त्यांत 'परवडत नाही' हे शब्द वारंवार भेटले. बहुतेकांनी परवडण्याचा हिशेब हप्त्याच्या पावतीवर मांडलेला दिसतो. विमा कंपनीच्या दावा विभागात नोकरीची बरीच वर्षे गेल्यामुळे मला तोच हिशेब रुग्णालयाच्या अंतिम बिलावर मांडायची खोड आहे, आणि या दोन हिशेबांची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत. खालील उत्तरे त्या दुसऱ्या हिशेबाला धरून दिलेली आहेत.

प्रश्न : माझे वय ३४ असून मी खराडीतील एका कंपनीत नोकरी करतो. कंपनीच्या गटविम्यातून मी, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी अशा तिघांना मिळून ३ लाख रुपयांचे संरक्षण आहे. एका एजंटने १० लाखांच्या फॅमिली फ्लोटरसाठी (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम असलेली पॉलिसी) वर्षाला १८,६०० रुपये सांगितले. घराच्या कर्जाचा हप्ता चालू असताना हा खर्च अनाठायी वाटतो. आम्हा दोघांनाही कोणताही आजार नाही. तेवढेच पैसे एसआयपीत (म्युच्युअल फंडातील दरमहा गुंतवणुकीत) टाकले, तर आजारपणासाठी निधी आपोआप उभा राहणार नाही का? — एक वाचक, धायरी

उत्तर : आधी एसआयपीचे गणित करू. १८,६०० रुपये म्हणजे महिन्याला १,५५० रुपये. वर्षाला १२ टक्के परतावा सलग दहा वर्षे मिळेल असे उदार मनाने गृहीत धरले, तरी दहा वर्षांच्या अखेरीस हाती येतात साडेतीन लाखांच्या आसपास. विम्यात पहिल्या ३० दिवसांचा, ज्यात खर्च मिळत नाही असा, सुरुवातीचा प्रतीक्षा काळ सोडला (अपघाताला तोही लागू नसतो), तर एकतिसाव्या दिवसापासून बहुतेक आकस्मिक आजारांसाठी १० लाख उभे असतात. निधी साठायला वर्षे लागतात आणि आजार त्या वर्षांची वाट पाहत नाही, एवढाच या दोहोंतला फरक आहे. एसआयपी जरूर करावी, परंतु ती मुलीच्या शिक्षणासाठी.

'आम्हाला कोणताही आजार नाही' हे वाक्य धायरीहून आलेल्या पत्रात वाचताना मी क्षणभर थांबलो. जानेवारी २०२५ मध्ये तुमच्याच परिसरात, किरकटवाडी, नांदेड गाव आणि सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोमचे) रुग्ण एकामागोमाग आढळले, तेव्हा घराघरांत पाणी उकळून पिण्याची धांदल उडाली होती. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. धडधाकट माणसाच्या पायातले बळ काही दिवसांत जाते आणि काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. त्यावरील आयव्हीआयजी या प्रतिपिंडांच्या औषधाच्या एकेका इंजेक्शनची किंमत वीस हजारांच्या घरात असते, अशी अनेक इंजेक्शने लागतात आणि त्यावर अतिदक्षता विभागाचे दिवस वेगळे मोजले जातात. अशा प्रसंगी तिघांत वाटलेले ३ लाख किती दिवस पुरतील, याचा अंदाज तुम्हीच करावा. भीती घालण्याचा माझा हेतू नाही. आजार नसणे हेच विमा घेण्यासाठी सर्वांत सोयीचे वय असते, कारण त्या वेळी प्रस्ताव अर्जातील, म्हणजे विमा घेताना भरायच्या अर्जातील, सर्व उत्तरे 'नाही' अशी खरेपणाने लिहिता येतात.

कंपनीच्या विम्याचा खरा दोष रकमेत नसून मुदतीत आहे. नोकरीचा शेवटचा दिवस हाच साधारणतः त्या संरक्षणाचाही शेवटचा दिवस असतो. चाळिशीत नोकरी बदलताना मधल्या दोन महिन्यांत रक्तातील साखर वाढल्याचे कळले, तर वैयक्तिक विमा त्या नोंदीसह घ्यावा लागतो आणि प्रतीक्षा कालावधी तेव्हापासून मोजला जातो. नोकरी सोडताना गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते. मात्र राजीनाम्याच्या गडबडीत तिचा अर्ज करण्याचे भान फारच थोड्यांना राहते, त्यामुळे तुमच्या मनुष्यबळ विभागाला त्याविषयी आजच विचारून ठेवा.

१८,६०० जड जात असतील, तर १० लाखांऐवजी ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर ५ लाख डिडक्टिबल (आधी आपण किंवा मूळ पॉलिसीने सोसायची रक्कम) असलेला १० लाखांचा सुपर टॉप-अप घ्यावा. सुपर टॉप-अप विशिष्ट रकमेच्या वरचाच खर्च उचलतो, म्हणून तो पुष्कळ स्वस्त पडतो. 'टॉप-अप' आणि 'सुपर टॉप-अप' यांत मात्र गल्लत करू नये. साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबलची मर्यादा प्रत्येक दाव्याला स्वतंत्रपणे ओलांडावी लागते, तर सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातील सर्व बिलांची बेरीज धरली जाते. वर्षात चार-चार लाखांची दोन आजारपणे आली, तर टॉप-अप एक रुपयाही देणार नाही आणि सुपर टॉप-अप ३ लाख देईल.

जाता जाता एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी शून्य झाला असून फॅमिली फ्लोटरही त्यात येतो. तुम्हाला सांगितलेल्या १८,६०० रुपयांवर पूर्वी ३,३४८ रुपये कर लागला असता. एजंटचा कागद त्या तारखेपूर्वीचा असेल, तर नवा कागद मागवा.

प्रश्न : आई ५८ वर्षांची असून तिला आठ वर्षांपासून मधुमेह आहे. तिच्यासाठी पॉलिसी घेत असताना एजंट म्हणाला, "ताई, शुगरचं लिहू नका, हप्ता वाढेल. नाहीतर कंपनी पॉलिसीच देणार नाही. तीन-चार वर्षे गेली की कोणी विचारत नाही." त्याचे ऐकावे का? — एक वाचक, वाकड

उत्तर : ऐकू नये. हा सल्ला देणारा दाव्याच्या दिवशी रुग्णालयात नसतो.

लपवलेला मधुमेह कसा सापडतो, ते मी कित्येकदा पाहिले आहे. रात्री अकरा वाजता रुग्णाला कॅज्युअल्टीत आणतात. ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर सोबतच्या नातेवाइकाला विचारतात, "पूर्वीचा काही आजार? गोळ्या चालू आहेत?" अशा वेळी कोणीही आईच्या जिवाशी खेळून खोटे बोलत नाही आणि बोलूही नये. डॉक्टर केसपेपरवर लिहितात, 'के/सी/ओ डीएम, आठ वर्षे', म्हणजे 'मधुमेहाचा ज्ञात रुग्ण'. ती एक ओळ तशीच डिस्चार्ज समरीत उतरते. दावा तपासणारा माणूस समरी उघडल्यावर सर्वांत आधी हीच ओळ शोधतो आणि तिच्याशेजारी प्रस्ताव अर्ज ठेवतो. अर्जावर आईची सही असते, एजंटची नसते.

प्रामाणिकपणे लिहिल्यास काय होते? आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधी आता कमाल ३६ महिन्यांचा आहे. पूर्वी तो ४८ महिन्यांपर्यंत असे. या काळातही मधुमेहाशी संबंध नसलेला आजार किंवा अपघात झाला, तर सर्वसाधारण अटींनुसार खर्च मिळतो. काही कंपन्या हप्त्यावर अधिभार लावतात, तर काही जादा हप्ता घेऊन प्रतीक्षा कालावधी कमी करून देतात. एका कंपनीने नाकारले म्हणून सगळ्याच नाकारतील, असे समजू नये.

एजंटच्या बोलण्याला एक अर्धवट आधार आहे, तो असा. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली, की माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. मात्र फसवणूक सिद्ध झाल्यास हे संरक्षण उरत नाही, आणि आठ वर्षे गोळ्या घेत असताना 'मधुमेह नाही' असे लिहिणे हे विस्मरण होते असे कोणाला पटवून देणे अवघड आहे. शिवाय मधल्या पाच वर्षांत आई आजारी पडणार नाही, याची हमी एजंटने दिलेली नाही. पॉलिसी हाती आल्यावर तिच्यासोबत प्रस्ताव अर्जाची प्रत येते, ती आईसमोर बसून वाचा. चूक आढळल्यास लगेच लेखी कळवा. अटी पटल्या नाहीत, तर ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांची ३ लाखांची जुनी पॉलिसी आहे. त्यांच्या मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी पाच दिवस रुग्णालयात राहावे लागले. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ३,००० होती आणि आम्ही ६,००० ची खोली घेतली, कारण स्वस्त खोली रिकामी नव्हती. वरचे १५,००० आपण भरू, असे आम्ही धरून चाललो होतो. बिल २,४०,००० झाले आणि कंपनीने १,२०,००० च दिले. निम्मे पैसे कसे कापले जाऊ शकतात? — एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : पुण्यातल्या घरोघरी हा धक्का कधी ना कधी बसलेला असतो, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो. तुम्ही पाठवलेल्या बिलाच्या प्रतीवरून रकमा अशा दिसतात : खोलीभाडे ३०,०००, शस्त्रक्रिया, भूल, शस्त्रक्रियागृह, डॉक्टरांच्या भेटी, परिचारिका शुल्क मिळून १,४०,०००, औषधे, हाडात बसवलेले इम्प्लांट आणि तपासण्या मिळून ७०,०००.

रुग्णालये बहुधा खोलीच्या दर्जानुसार इतर शुल्केही वाढवतात. तीच शस्त्रक्रिया, तेच सर्जन, परंतु जनरल वॉर्डात एक दर आणि स्वतंत्र खोलीत दुसरा. म्हणून पॉलिसीत प्रमाणशीर कपातीचे कलम असते. मर्यादा ३,००० आणि घेतलेली खोली ६,००० ची, म्हणजे प्रमाण निम्मे. या प्रमाणात केवळ भाडेच नव्हे, तर भाड्याशी बांधलेली शुल्केही कापली जातात. त्यामुळे भाड्याचे १५,००० आणि शस्त्रक्रियेच्या गटातील ७०,०००, अशी एकूण ८५,००० ची कपात नियमाला धरून आहे. '१५,००० आपण भरू' हा तुमचा अंदाज तिथे चुकला, आणि त्याबद्दल तुम्हाला दोष देता येणार नाही, कारण प्रवेशाच्या खिडकीवर हे कोणीही सांगत नाही.

मात्र कंपनीने १,२०,००० कापले आहेत. वरचे ३५,००० कुठून आले? ते औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांच्या ७०,००० चे निम्मे आहेत. इथे कंपनीची चूक दिसते. औषधे व वापरून टाकायच्या वस्तू, इम्प्लांट व वैद्यकीय उपकरणे आणि निदानाच्या तपासण्या यांना प्रमाणशीर कपात लावता येत नाही, असे विमा नियामक आयआरडीएआयने २०२० मध्येच स्पष्ट केले आहे. हाडात बसवलेली पट्टी खोली बदलली म्हणून महाग होत नाही. अतिदक्षता विभागाच्या शुल्कालाही ही कपात लागत नाही, आणि ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलतच नाहीत तिथेही ती लावता येत नाही. तेव्हा तुम्हाला १,५५,००० मिळायला हवेत. हातमोजे, मास्क यांसारख्या ज्या वस्तू पॉलिसीने मुळातच वगळल्या आहेत, त्या यातून वजा होतील आणि आकडा थोडा खाली येईल.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहा. कोणत्या रकमेवर कपात कबूल आहे आणि कोणत्या रकमेवर नाही, हे स्पष्ट लिहून बिलाच्या त्या ओळी अधोरेखित करा. सरसकट 'अन्याय झाला' अशा आशयाची पत्रे विमा कंपन्यांत रोज येतात आणि त्यांना ठराविक उत्तर जाते. '३५,००० रुपयांच्या कपातीचे कलम कळवावे' या वाक्याला मात्र ठराविक उत्तर देता येत नाही. नियामकाच्या 'बिमा भरोसा' या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. पुण्याच्या लोकपालांचे कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावरील जीवन दर्शन इमारतीत आहे, म्हणजे तुम्हाला घरून चालत जाता येईल. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

पुढील नूतनीकरणाच्या वेळी खोलीभाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी पाहा. दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करायचे असल्यास नूतनीकरणाच्या तारखेच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा. त्यामुळे जुन्या पॉलिसीत पुरी झालेली प्रतीक्षेची वर्षे नव्या पॉलिसीत मोजली जातात. हप्ता तीन-चार हजारांनी वाढेल. तो महाग वाटल्यास वरचे ८५,००० आठवावेत.

प्रश्न : डॉक्टरांनी सकाळी दहाला डिस्चार्ज लिहून दिला, कॅशलेसची (कंपनीने बिल थेट रुग्णालयाला देण्याची) अंतिम मंजुरी संध्याकाळी सातला आली आणि रुग्णालयाने आणखी एका दिवसाचे भाडे लावले. ते कोणी भरायचे? — एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी दिली पाहिजे, आणि त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने लावलेली जादा रक्कम कंपनीने सोसायची आहे. गोम अशी की, डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला दहाला, पण बिलिंग विभागाने कागद पाठवले दुपारी चारला, असे सर्रास घडते. घड्याळ चालू होते ते कागद पोहोचल्यावर. बिलिंग विभागाकडून त्या ई-मेलची वेळ मागून घ्या. सातमधून ती वेळ वजा केली की पैसे कंपनीकडे मागायचे की रुग्णालयाशी भांडायचे, हे ठरेल.

प्रश्न : माझे वय ७१, पत्नीचे ६६. आम्हा दोघांच्या १० लाखांच्या पॉलिसीचा हप्ता आता ६४,००० झाला आहे. बावीस वर्षांत दोनच दावे केले. निवृत्तिवेतनातून एवढे काढणे जड जाते. मुलगा परदेशी असून "मी भरतो" म्हणतो, पण ते मनाला पटत नाही. पॉलिसी बंद करून तेवढे पैसे बँकेत ठेवावेत काय? — एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड

उत्तर : बंद करू नये, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे. बावीस वर्षांत आपण प्रतीक्षेचे सर्व कालावधी पार केले आहेत आणि ६० महिन्यांची मुदतही केव्हाच ओलांडली आहे. आज कंपनीला आपला कोणताही जुना आजार पुढे करता येत नाही. पॉलिसी एकदा सोडली, की हे सारे शून्यावर येते. नवी पॉलिसी घेण्यासाठी असलेली वयाच्या पासष्टीची अट आता नियमातून गेली असली, तरी नवा प्रस्ताव प्रकृती पाहून नाकारण्याचा अधिकार कंपनीला आहेच.

हप्ता कमी करण्याचे मार्ग मात्र आहेत. विमा रक्कम १० वरून ५ लाखांवर आणून वर सुपर टॉप-अप घ्यावा, किंवा त्याच पॉलिसीत ऐच्छिक डिडक्टिबल स्वीकारावे. को-पे (प्रत्येक बिलाचा ठरावीक टक्के वाटा आपण भरणे) आणि डिडक्टिबल हे दोन्ही पर्याय आपल्यापुढे ठेवले जातील. त्यांत मी डिडक्टिबल निवडेन. २० टक्के को-पे म्हणजे ३ लाखांच्या बिलात ६०,००० आणि ८ लाखांच्या बिलात १,६०,०००. बिल जितके मोठे, तितका आपला वाटा मोठा. डिडक्टिबल ५०,००० ठरले, तर बिल विमा रकमेत बसते तोवर ते ५०,०००च राहते, आणि तेवढी मुदत ठेव वेगळी काढून ठेवली की रात्री झोप लागते.

आपले वय सत्तरीच्या पुढे असल्याने उत्पन्न कितीही असले, तरी सरकारी योजनेच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर आपल्याला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून आहे आणि खासगी पॉलिसी असली तरी ती घेता येते. आधार कार्ड पुरते. पत्नीला मात्र आणखी चार वर्षे थांबावे लागेल. उपचार योजनेतील रुग्णालयात आणि जनरल वॉर्डच्या पॅकेजमध्ये होतात, त्यामुळे आपले नेहमीचे रुग्णालय यादीत आहे का, हे १४५५५ वर विचारून घ्यावे. हे कार्ड खासगी पॉलिसीची जागा घेईल असे मला वाटत नाही, परंतु विमा रक्कम १० वरून ५ लाखांवर आणण्याचे धैर्य त्याच्यामुळे येते.

दरवाढीबाबत थोडा दिलासा असा की, विमा नियामकाच्या ३० जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार साठीपुढील विमाधारकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असल्यास कंपनीला आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. जुन्या करप्रणालीत असाल, तर आयकरात आरोग्य विम्याच्या हप्त्यापोटी ५०,००० पर्यंत वजावट मिळते. वरचे १४,००० त्यात बसत नाहीत. हप्ता रोखीने भरू नये, रोखीला ही वजावट नाही. आणि मुलाचे म्हणाल तर, आपण त्याची शाळेची फी भरताना त्याच्या मनाला पटते का, असे विचारले नसणार.

प्रश्न : आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी जनता वसाहतीत राहतात. यजमान रिक्षा चालवतात, मुलगा एका कारखान्यात १७,००० पगारावर आहे, शिधापत्रिका केशरी आहे. मावशींना वाटते की बँकेतून दरवर्षी विम्याचे पैसे कापले जातात, म्हणजे आपला मेडिक्लेम आहे. त्यांना वेगळा विमा काढून द्यावा का? — एक वाचक, सहकारनगर

उत्तर : मावशींच्या पासबुकातील नोंद पाहा. वर्षाला २० रुपये कापले जात असतील, तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. ती अपघाती मृत्यू वा अपंगत्वासाठी आहे. तापासाठी किंवा पित्ताशयाच्या खड्यांसाठी तिच्यातून काही मिळत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो कळतो तेव्हा माणूस बहुधा रुग्णालयाच्या काउंटरपुढे उभा असतो.

पदरचे पैसे घालण्याआधी त्यांच्या हक्काचे जे आहे, ते मिळवून द्या. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते आणि आता पांढऱ्या कार्डासह सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळते, हप्ता सरकार भरते. योजनेतील रुग्णालयात दर्शनी भागात आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचे, टेबल असते, तिथे शिधापत्रिका आणि आधार दाखवून सुरुवात होते. मावशींचे नाव शिधापत्रिकेवर आणि आधारवर एकसारखे लिहिलेले आहे का, हे आजच तपासा. एकीकडे माहेरचे नाव, दुसरीकडे सासरचे, आणि मग रुग्ण आत असताना नातेवाईक शिधापत्रिकेच्या परिमंडळ कार्यालयात खेटे घालतात.

मुलाचा कारखाना ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) कक्षेत असल्यास २१,००० पर्यंत वेतन असलेल्या कामगाराला ते संरक्षण मिळते. त्याच्या वेतनातून ०.७५ टक्के, म्हणजे सुमारे १२८ रुपये कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पगारपत्रकावर ही ओळ आहे का, ते मुलाला पाहायला सांगा. असल्यास त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांची नावे त्याने नोंदवली आहेत का, तेही विचारा. अविवाहित मुले बहुधा हे करायचे विसरतात.

याखेरीज सार्वजनिक न्यासाच्या रुग्णालयांवर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१एए चे बंधन आहे. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० आहे. पुण्यातील अनेक नामवंत रुग्णालये न्यासांचीच आहेत, इमारत पाहून तसे वाटत नाही एवढेच. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा आणि प्रवेशाच्या वेळीच रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. बिल झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. आणीबाणीच्या प्रसंगी अशा रुग्णाकडून अनामत रक्कम मागता येत नाही. उपचारखर्चाला मदत करणारी महापालिकेची शहरी गरीब योजनाही आहे.

एवढे करूनही तुम्हाला काही द्यायचेच असेल, तर खासगी विम्याच्या हप्त्यापेक्षा या कागदांसाठी मावशींना दोन दिवसांची भरपगारी सुट्टी द्या.

प्रश्न : माझ्या भावाला डेंग्यूसाठी घराजवळच्या १० खाटांच्या नर्सिंग होममध्ये ठेवले होते. 'पुण्यासारख्या शहरात किमान १५ खाटा हव्यात' असे सांगून कंपनीने दावा फेटाळला. हे बरोबर आहे का? — एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : कंपनीने व्याख्येचा उत्तरार्ध वाचला आणि पूर्वार्ध सोडला. पॉलिसीतील 'रुग्णालय' या शब्दाची व्याख्या काढा. स्थानिक प्राधिकरणाकडे कायद्यानुसार रीतसर नोंदणी झालेली आंतररुग्ण संस्था, 'किंवा' खाटा, परिचारिका, शस्त्रक्रियागृह आदी किमान निकष पुरे करणारी संस्था, असे तिचे दोन भाग असतात. दहा लाखांवर लोकसंख्येच्या गावी १५ खाटांची अट ही त्या दुसऱ्या भागात आहे. तुमच्या नर्सिंग होमची महापालिकेकडे महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली नोंदणी असेल आणि भाऊ दाखल असताना ती मुदतीत असेल, तर खाटा मोजण्याचा प्रश्नच येत नाही. हे प्रमाणपत्र सहसा स्वागतकक्षाच्या भिंतीवर चौकटीत लावलेले असते. त्याचा तारखेसकट स्पष्ट फोटो काढा आणि फेरविचाराच्या अर्जाला जोडा.